पोटातील गाठ: सोनोग्राफी पाहून सुईने तुकडा का घेतात?

“डॉक्टर, रिपोर्टात गाठ आली. आता थेट मुंबईलाच न्यावं का?”

गेवराई किंवा बीडला काढलेल्या पोटाच्या सोनोग्राफीचा कागद माझ्या टेबलावर ठेवताना नातेवाईकांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. चकलांब्यात आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवर मी जनरल प्रॅक्टिस करतो. या लेखात ज्या तपासणीविषयी सांगणार आहे, ती मी स्वतः करत नाही. ती रेडिओलॉजिस्ट करतात. पण ती करून घ्यावी की नाही, हा निर्णय घराघरांत होतो आणि त्याआधीची चर्चा माझ्यासारख्या गावातल्या डॉक्टरसमोर होते. म्हणून ती समजावून सांगणे माझ्या वाट्याला येते.

एका रुग्णाची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चाळिशीच्या एक ताई ऊसतोडीचा हंगाम संपवून गावी परतल्या होत्या. उजव्या बाजूला ओटीपोटात दुखायचे, जेवल्यावर पोट फुगायचे आणि गुडगुडायचे, संध्याकाळी कणकण यायची. सहा महिन्यांत वजन सात-आठ किलोंनी उतरले होते. सोनोग्राफीत लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते, तिथली भिंत जाड झालेली दिसली आणि बाजूला काही गाठी होत्या. कागदाच्या शेवटी लिहिले होते: क्षयरोग किंवा कर्करोगाची शक्यता, तुकडा तपासून खात्री करावी.

घरच्यांनी ‘कर्करोग’ एवढाच शब्द वाचला. नवऱ्याने मुकादमाकडे पुढच्या हंगामाची उचल मागितली होती. दीर वावर गहाण टाकायच्या गोष्टी करत होता. आणि सासूबाईंचे एकच म्हणणे होते, “काहीबी करा, पण गाठीला सुई लावू नका. गाठ चाळवली की भडकती म्हणतेत.”

त्या ताईंना शेवटी सुईनेच निदान मिळाले. ते कसे, ते पुढे येईलच.

रिपोर्टमधली ‘गाठ’ म्हणजे नक्की काय?

आपण सगळ्यालाच गाठ म्हणतो, पण सोनोग्राफीत दिसणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या असतात. कधी आतड्याची भिंत जाड झालेली असते. निरोगी आतड्याची भिंत साधारण तीन-चार मिलिमीटरपेक्षा कमी जाडीची असते. ती सूज, जंतुसंसर्ग किंवा कर्करोगाने एक सेंटिमीटर किंवा त्याहून जाड होऊ शकते. कधी भिंतीच्या आतल्या थरातून गोळा वाढलेला असतो. कधी आतडे ठीक असते, पण त्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या लसिका ग्रंथी, ज्यांना आपण ‘अवधाणाच्या गाठी’ म्हणतो तशाच पोटातल्या गाठी, सुजलेल्या असतात. तर कधी पोटाच्या आतले चरबीचे आवरण जाड होते आणि पोटात पाणी साचते.

चित्र पाहून रेडिओलॉजिस्ट जागा सांगू शकतात, आकार सांगू शकतात आणि अंदाजही चांगला बांधू शकतात. पण आतड्याचा क्षयरोग, क्रोन्स नावाचा आतड्याचा दीर्घकालीन आजार, लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग आणि आतड्याचा साधा कर्करोग हे चारही आजार नेमक्या याच जागी, म्हणजे उजव्या बाजूच्या त्या सांध्यावर, जवळपास सारखेच दिसू शकतात. सी.टी. स्कॅनमध्ये आणखी बारकावे कळतात, तरी प्रश्न पुष्कळदा तिथेच राहतो.

या चौघांचे उपचार मात्र एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. क्षयरोगाला सहा महिन्यांच्या गोळ्या. क्रोन्सला पुष्कळदा स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, आणि हीच औषधे क्षयरोग्याला चुकून दिली तर जंतू मोकाट सुटतात. लिम्फोमाला मुख्यतः केमोथेरपी. आतड्याच्या कर्करोगाला बहुतेक वेळा शस्त्रक्रिया, तीही वेळेत.

इथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. प्रॅक्टिस नवी होती. पन्नाशीचे एक शेतकरी उजव्या बाजूच्या गाठीचा रिपोर्ट घेऊन आले. कागदावर ‘क्षयरोगाची शक्यता’ असे होते. आपल्याकडे टीबी पुष्कळ, ताप होता, वजन उतरले होते. तुकड्यासाठी शहरात जायचे म्हणजे पेरणीच्या दिवसांत दोन-तीन खेपा. मी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. पंधरा दिवसांत त्यांची भूक सुधारली आणि आम्ही सगळेच खूश झालो. तिसऱ्या महिन्यात आतडे बंद पडून पोट फुगले आणि तातडीने ऑपरेशन करावे लागले. तो मोठ्या आतड्याच्या सुरुवातीचा कर्करोग निघाला. मधले तीन महिने माझ्या अंदाजाने खाल्ले. तेव्हापासून ‘गोळ्या देऊन बघू, फरक पडला तर टीबी’ हा विचार मनात आला की मी थांबतो. अनेकदा कोणत्याही नव्या उपचाराने सुरुवातीला थोडे बरे वाटतेच. काही वेळा तुकडा घेऊनही निदान लागत नाही आणि तज्ज्ञ डॉक्टर विचारपूर्वक टीबीचे उपचार सुरू करून ठरावीक काळाने दुर्बिणीने पुन्हा पाहतात. ते वेगळे. तुकड्यासाठी प्रयत्नच न करता गोळ्या देणे वेगळे.

उलट बाजूही आपल्या जिल्ह्याने पाहिली आहे. ओटीपोटात दुखते म्हणून बाईची पिशवी काढून टाकण्याच्या प्रकारांची २०१९ मध्ये राज्यभर चर्चा झाली. सरकारने बीडमधल्या ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. यातल्या किती शस्त्रक्रिया गरजेच्या होत्या, हा या लेखाचा विषय नाही. पण स्त्रीच्या उजव्या ओटीपोटातले दुखणे आतड्याचेही असू शकते, आणि नाव कळण्याआधी पोट उघडण्याची घाई करू नये, एवढे इथे सांगितलेच पाहिजे.

दुर्बीण आधी, सुई नंतर

तुकडा घ्यायचा म्हटले की सुई हा पहिला मार्ग नसतो. अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात इथपर्यंत तोंडातून दुर्बीण जाते. गुदद्वारातून घातलेली दुर्बीण पूर्ण मोठे आतडे पाहू शकते आणि लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचते. आजार आतल्या अस्तरावर असेल तर दुर्बिणीतूनच चिमट्याने तुकडे काढतात. हाच सगळ्यात सरळ रस्ता आहे, आणि दुर्बीण सहज पोहोचत असेल तिथे पोटावरून सुई घालायला चांगले रेडिओलॉजिस्ट स्वतःच नकार देतील.

अडचण होते ती काही ठराविक वेळी. आतडे इतके अरुंद झालेले असते की दुर्बीण पुढे जात नाही. किंवा आजार लहान आतड्याच्या मधल्या भागात असतो, जिथे साध्या दुर्बिणी पोहोचत नाहीत. किंवा गोळा अस्तराच्या खाली, भिंतीत खोल असतो आणि चिमट्यात फक्त वरचे निरोगी अस्तर येते. किंवा आजार आतड्याच्या बाहेर, ग्रंथींमध्ये आणि चरबीच्या आवरणात असतो. आणि सगळ्यात जास्त वेळा असे होते की दुर्बिणीचा तुकडा तपासून रिपोर्ट येतो, ‘साधी सूज, विशिष्ट निदान नाही’.

आमच्या ताईंचे असेच झाले. दुर्बीण त्या सांध्याच्या तोंडाशी अडली. तिथून घेतलेल्या तुकड्यांत नुसती सूज आली. घरच्यांना वाटले, चला, काहीच नाही निघाले. पण वजन उतरतच होते. ‘साधी सूज’ या रिपोर्टचा अर्थ ‘आजार नाही’ असा नसतो. ‘या तुकड्यात आजाराचे नाव सापडले नाही’ एवढाच असतो.

अशा वेळी पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून, पडद्यावर बघत बघत सुईने तुकडा घेतात. यालाच सोनोग्राफी गायडेड बायोप्सी म्हणतात.

याचा एक भाऊबंद आहे, एन्डोस्कोपिक अल्ट्रासाऊंड. यात दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचा छोटा प्रोब असतो. तोंडातून जठरापर्यंत जाऊन, जठराच्या भिंतीतून बाहेर बघत सुई घालतात. हे तंत्र १९८० च्या सुमारास सुरू झाले. स्वादुपिंड, जठराच्या भिंतीतले गोळे, त्यालगतच्या ग्रंथी यांसाठी ते फार उपयोगी. मात्र ही यंत्रणा आणि ती वापरणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांतच असतात. तुम्हाला या नावाची चिठ्ठी मिळाली असेल तर ती पोटावरच्या सोनोग्राफीपेक्षा वेगळी आहे, हे लक्षात ठेवून मगच अपॉइंटमेंट घ्या. नावाच्या गोंधळात एक कुटुंब साधी सोनोग्राफी करून परत आलेले मी पाहिले आहे.

सुई नेमकी कशी जाते?

लोकांच्या डोळ्यांसमोर दाभण असते. प्रत्यक्षात नेहमी वापरली जाणारी १८ नंबरची सुई साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची असते. सलाईन लावताना हिरव्या रंगाचे जे कॅन्युला हाताला टोचतात, त्याच जाडीची, फक्त लांब.

रुग्णाला पाठीवर झोपवतात. आधी पुन्हा सोनोग्राफी करून जागा ठरवतात. कलर डॉपलर लावून वाटेत रक्तवाहिनी नाही ना, हे पाहतात. आतड्यातला गॅस हा सोनोग्राफीचा शत्रू, कारण ध्वनिलहरी हवेतून पुढे जात नाहीत. म्हणून डॉक्टर प्रोब पोटावर जरा जोराने दाबतात. त्याने मधली निरोगी आतडी बाजूला सरकतात आणि गाठ त्वचेच्या जवळ येते. हा दाब थोडा त्रासदायक वाटतो. पण सी.टी.पेक्षा सोनोग्राफीचा इथे हाच मोठा फायदा आहे: हाताने दाबता येते, सुईचे टोक सरकताना त्याच क्षणी दिसते आणि किरणोत्सर्ग अजिबात नसतो.

मग त्वचा औषधाने पुसून जागा बधिर करण्याचे इंजेक्शन देतात. दात काढताना देतात तसेच. पूर्ण भूल लागत नाही, रुग्ण शुद्धीवर असतो. सुई आत गेल्यावर स्प्रिंगचा ‘खट्’ असा आवाज होतो. पुष्कळ रुग्ण या आवाजालाच दचकतात, म्हणून मी पाठवतानाच सांगून ठेवतो की खट् वाजेल, हलायचे नाही, सांगतील तेव्हा श्वास रोखायचा. असे दोन ते चार वेळा करतात. बाहेर येतो तो शेवईच्या तुकड्यासारखा एक-दोन सेंटिमीटरचा बारीक धागा.

जाड झालेल्या भिंतीतून तुकडा घेताना सुई भिंतीच्या जाडीतूनच, तिरकी नेतात. आरपार आतड्याच्या पोकळीत जाऊ देत नाहीत. म्हणूनच भिंत पुरेशी जाड असेल तरच हे करता येते.

आणखी एक गोष्ट, जी नातेवाईकांना नेहमी खटकते. “आजार आतड्यात आहे, मग तुकडा लिव्हरमधून का घेतला?” डॉक्टर जिथून सोपे आणि सुरक्षित, तिथून तुकडा घेतात. आतड्याच्या भिंतीऐवजी शेजारची सुजलेली ग्रंथी, जाड झालेले चरबीचे आवरण किंवा यकृतातला ठिपका मिळत असेल तर तोच बरा. आजार तोच असतो, धोका कमी होतो. आणि यकृतात आजार पोहोचला आहे का, हेही त्याच तुकड्यात कळते. आमच्या ताईंचा तुकडा आतड्यालगतच्या ग्रंथीतून घेतला होता.

यापेक्षा बारीक सुईने नुसत्या पेशी ओढून घेण्याची पद्धतही आहे, एफ.एन.ए.सी. मानेच्या गाठीची अशी तपासणी अनेकांना माहीत असते. पोटातल्या आजारात, विशेषतः लिम्फोमाची शंका असेल तर, सुट्या पेशींपेक्षा अखंड तुकडा बरा. भिंत कशी आहे, हे सुट्या विटा बघून कळत नाही.

“सुई लावली की कॅन्सर पसरतो” हे खरे आहे का?

सासूबाईंच्या प्रश्नाकडे येतो, कारण खरी अडचण तिथेच असते. त्यांनी असे का म्हणावे? कारण त्यांच्या भावकीत एकाचा तुकडा काढला आणि तो चार महिन्यांत गेला. त्यांनी पाहिले ते खोटे नव्हते. पण तुकडा काढला तेव्हाच तो आजार शेवटच्या टप्प्यात होता, आणि निदान झाल्यावर उपचार घेण्यासारखी प्रकृती उरली नव्हती. सुई आणि मृत्यू एकामागोमाग आले, म्हणून लोकांनी दोन्हींची गाठ मारली.

अर्थात ‘असे कधीच होत नाही’ हेही मी म्हणणार नाही. सुईच्या मार्गावर कर्करोगाच्या पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, पण त्या दुर्मीळ आहेत. कोणत्या आजारात हा धोका जरा जास्त, हे डॉक्टरांना माहीत असते आणि तिथे ते वेगळा मार्ग घेतात. जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीतून वाढणारा जिस्ट नावाचा एक गोळा असतो. तो नाजूक, रक्ताने भरलेला असतो. तो ऑपरेशनने पूर्ण निघण्यासारखा दिसत असेल तर पोटावरून सुई सहसा घालत नाहीत. तुकडा हवाच असेल तर दुर्बिणीच्या सोनोग्राफीने घेतात, नाहीतर थेट ऑपरेशनच करतात. म्हणजे सर्जन एखाद्या वेळी ‘तुकडा नको, सरळ काढू’ म्हणतात, तेही बरोबर असू शकते. तुम्ही फक्त कारण विचारा. कारण सांगणारा डॉक्टर चिडत नाही.

खरे धोके वेगळे आहेत. रक्तस्राव, आणि क्वचित आतड्याला छिद्र पडून पोटात जंतुसंसर्ग. दोन्ही कमी वेळा होतात, पण होऊ शकतात. म्हणूनच ही तपासणी जिथे गरज पडल्यास सर्जन आणि रक्त उपलब्ध आहे, अशाच ठिकाणी करून घ्यावी.

“मशीन गावात आणून इथंच करता येणार नाही का?” असेही काही जण विचारतात. नाही. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यानुसार सोनोग्राफीचे प्रत्येक यंत्र नोंदवलेले असते आणि ते मनाला येईल तिथे नेता येत नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या, तेव्हा ही कडक नजर का आहे, हे वेगळे सांगायला नको.

कोणाला सुई लावू नये?

रक्त गोठण्याचा दोष असेल, प्लेटलेट फार कमी असतील, आतडे बंद पडून फुगलेले असेल, गाठीकडे जायला सुरक्षित वाटच नसेल किंवा रुग्ण शांत पडून राहू शकत नसेल, तर थांबतात. आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची. कुत्र्यांच्या आणि मेंढ्यांच्या सहवासातून होणारी हायडॅटिड नावाची पाण्याची गाठ यकृतात किंवा पोटात होऊ शकते. तिला बेसावधपणे सुई लागली आणि आतले पाणी सांडले तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. घरात मेंढरे असतील, मेंढपाळांकडची कुत्री अंगाखांद्यावर असतील, तर हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

सुईला वाटच नसेल तेव्हा पोटाला लहान छिद्र पाडून दुर्बिणीने आत पाहून तुकडा घेता येतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९७२ मध्ये अशा निदानाच्या दुर्बिणीला सुरुवात केली. पित्ताशय दुर्बिणीने काढण्याचे ऑपरेशन तिथे १९९० मध्ये झाले. म्हणजे ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणून आज जे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याची सुरुवात आपल्याकडे निदानासाठी झाली होती. याला पूर्ण भूल लागते, पण क्षयरोगाने पोटात पाणी झाले असेल तर निदानाला हा फार चांगला मार्ग आहे.

जाण्यापूर्वी

आधी रक्ताच्या तपासण्या होतात. प्लेटलेट साधारण ५० हजारांच्या वर आणि रक्त गोठण्याची आय.एन.आर. तपासणी दीडच्या आसपास किंवा कमी असावी, अशी अपेक्षा असते. चार ते सहा तास उपाशी राहायला सांगतात. पहाटेच्या गाडीने निघणारे लोक स्टँडवर चहा-वडापाव खाऊन पोहोचतात आणि तपासणी दुसऱ्या दिवसावर जाते. असे दर महिन्याला कोणाचे तरी होते.

रक्त पातळ करणारी गोळी, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा तत्सम काही चालू असेल, तर तपासणीची तारीख घेतानाच सांगा. आदल्या दिवशी सांगून उपयोग नाही, काही गोळ्या पाच-सात दिवस आधी थांबवाव्या लागतात. पण हृदयात स्टेंट किंवा कृत्रिम झडप बसवलेली असेल तर स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. ती कधी थांबवायची आणि कधी सुरू करायची, हे हृदयाच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घ्यायचे का, तेही विचारून घ्या. स्त्रियांनी पाळी चुकली असेल तर सांगावे. आधीचे सगळे रिपोर्ट आणि सी.टी.च्या फिल्म बरोबर न्या. नुसता मोबाइलमधला फोटो पुरत नाही.

तपासणीनंतर काही तास झोपवून नाडी आणि रक्तदाब बघतात. बऱ्याच जणांना त्याच संध्याकाळी घरी सोडतात. मी मात्र इथल्या रुग्णांना सांगतो की ती रात्र शहरातच काढा, पाहुण्यांकडे काढा, लगेच जीपमध्ये बसून खड्ड्यांतून गावी येऊ नका. दोन-तीन दिवस ओझे उचलू नये. जागा थोडी दुखते, ते साध्या गोळीने थांबते. पण दुखणे वाढत गेले, पोट लाकडासारखे कडक झाले, ताप-उलट्या सुरू झाल्या, चक्कर येऊन घाम फुटला किंवा शौचातून रक्त अथवा डांबरासारखे काळे पडले, तर सकाळची वाट न पाहता त्याच दवाखान्यात परत जा.

तुकडा कोणत्या बाटलीत ठेवला?

हा भाग कृपया नीट वाचा, कारण इथे नातेवाईकांचा खरोखर उपयोग होतो.

सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवतात. त्यात तो टिकतो, पण त्यातले जंतू मरतात. त्यामुळे टीबीचे जंतू वाढवून बघायची कल्चर तपासणी त्या तुकड्यावर होऊ शकत नाही. त्यासाठी वेगळा तुकडा साध्या निर्जंतुक सलाईनमध्ये ठेवावा लागतो. घाईत सगळे तुकडे एकाच फॉर्मालिनच्या बाटलीत गेले की मग पुन्हा सुई लावायची पाळी येते. म्हणून तपासणी सुरू होण्यापूर्वी नम्रपणे एक प्रश्न विचारा: “टीबीच्या तपासणीसाठी सलाईनमध्ये वेगळा तुकडा घेणार आहात ना?” मी माझ्या चिठ्ठीवरही हे लिहून देतो.

बाटली लॅबपर्यंत नेण्याचे काम पुष्कळदा नातेवाईकांवर येते. झाकण घट्ट आहे का आणि बाटलीवर रुग्णाचे नाव, वय, कुठला तुकडा आणि तारीख आहे का, ते हातात घेतानाच बघा. फॉर्मालिनच्या बाटलीत पाणी घालायचे नाही आणि ती लहान मुलांच्या हाताला लागू द्यायची नाही. सलाईनमधला तुकडा मात्र त्याच दिवशी लॅबमध्ये पोहोचला पाहिजे. तो घरी कपाटात ठेवून सोमवारी देऊ, असे चालत नाही.

रिपोर्ट आल्यावर

सूक्ष्मदर्शकाचा रिपोर्ट यायला चार-पाच दिवस ते आठवडा लागतो. लिम्फोमा किंवा जिस्टसारखी शंका असेल तर त्याच तुकड्यावर आय.एच.सी. नावाच्या विशेष रंगांच्या तपासण्या करतात, त्यात आणखी काही दिवस जातात. जिस्टमध्ये या तपासण्यांवरूनच इमॅटिनिबसारखी गोळी लागू पडण्याचा अंदाज येतो, म्हणून तो खर्च फुकटचा समजू नका. टीबीची सीबीनॅट तपासणी लवकर होते, कल्चरला मात्र सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. आतड्याच्या आजारात तुकड्यात जंतूंची संख्या फार कमी असते. त्यामुळे सीबीनॅट निगेटिव्ह आली म्हणजे टीबी नाही, असे होत नाही. सगळे रिपोर्ट एकत्र ठेवून निर्णय घ्यावा लागतो.

निदान लागलेच नाही, तर? तेही होते. तुकडा अपुरा असतो किंवा आजाराच्या कडेचा असतो. पुन्हा सुई लावायची म्हटल्यावर घरचे निराश होतात, डॉक्टर बदलतात आणि नव्या ठिकाणी सगळे पहिल्यापासून सुरू होते. त्यापेक्षा त्याच डॉक्टरांना विचारा की आता कोणत्या मार्गाने: पुन्हा सुई, पुन्हा दुर्बीण की छिद्राचे ऑपरेशन?

आमच्या ताईंच्या तुकड्यात क्षयरोगाच्या खुणा मिळाल्या आणि सीबीनॅटही पॉझिटिव्ह आली. वावर गहाण पडले नाही. सरकारी कार्यक्रमातून सहा महिन्यांची औषधे मोफत मिळाली. पोषणासाठीचे पैसेही खात्यात आले. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले आहेत. नवऱ्याने घेतलेली उचल मात्र तोवर खर्चून गेली होती, आणि पुढच्या हंगामात तो एकटाच गेला.

आपल्या भागातून या तपासणीसाठी लोक अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जातात. अशा ठिकाणी रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी आणि सर्जरी हे विभाग एकाच आवारात असतात, ही मोठी सोय आहे. निघण्यापूर्वी कोणत्या वारी बायोप्सी होते, ते विचारून घ्या. कर्करोग निघाला तर त्याच्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. मात्र नुसत्या तपासणीचा खर्च त्यात बसेलच असे नाही. हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांकडून आधीच समजून घ्या. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घरी विसरून येऊ नका.

आणि रिपोर्टचा कागद मिळाला म्हणजे काम संपले असे समजू नका. लॅबकडे तुमच्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि मेणात बसवलेले ठोकळे, म्हणजे ब्लॉक, असतात. पुढे टाटा हॉस्पिटलला किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात जायची वेळ आली, तर तिथले डॉक्टर बहुधा हे ब्लॉक मागतात. त्यावर पुन्हा तपासणी होऊ शकते आणि रुग्णाला दुसऱ्यांदा सुई लागत नाही. लॅबमध्ये अर्ज देऊन, सही करून ते घ्या आणि उन्हात तापणाऱ्या गाडीत न ठेवता पिशवीत घालून जवळ बाळगा. मेण वितळते.